शेवटच्या मागाची तार

नीलम नगरच्या शेडमध्ये बारा माग,
बाराव्याच्या भिंतीला पाठ लावून आमची खोली.
मीटर बोळाच्या तोंडाशी. तिथून एकच अ‍ॅल्युमिनियमची तार,
तीन जागी पिळलेली, चिंध्यांनी बांधलेली,
आधी नान्नांच्या मागाला जायची, मग आमच्या बल्बला.

माग सुरू झाला की बल्ब मान खाली घालायचा.
अर्धा श्वासभर. मग परत वर.
त्याच उजेडात अम्मा विड्या वळायची,
मांडीवर सूप, पानावर पत्र्याचा फर्मा,
हजार झाल्याशिवाय पाठ सरळ नाही.

आयटीआयच्या वायरमन वर्गात मी एकटीच मुलगी.
मुजावर सर म्हणायचे,
तार लांब केलीस, रोध वाढला.
बारीक केलीस, वाढला.
सांधा सैल ठेवलास तर विचारूच नको.
त्यात मोटर उठताना पाच-सहा पट धारा ओढते,
मग तारेच्या शेवटी काय उरतं?
पंगतीत शेवटी बसणाऱ्याला विचारा.
वर्ग हसला.
मला आमचं घर दिसलं, पत्रावळ पुढे घेऊन बसलेलं.

शनिवारी सरांचा मीटर मागून आणला.
माग बंद : दोनशे सव्वीस.
नान्नांनी बटण दाबलं : एकशे ब्याऐंशी.
चव्वेचाळीस व्होल्ट बोळातच संपत होते.
मेन पाडून सांध्याला बोट लावलं.
चिंधी करपलेली, आतून अजून ऊन.
म्हणजे इतकी वर्षं
आमच्या वाटचा उजेड
त्या भिंतीतल्या पालींना शेक देत होता.

स्टायपेंडच्या पैशांतून तांब्याची तार आणली, जाड,
खोलीपुरती वेगळी, थेट मीटरपासून, मध्ये एकही सांधा नाही.
रात्री दिवा लागला तो लागलाच.
माग सुरू झाला, थांबला, सुरू झाला,
दिव्याला त्याचं काहीच नाही.
मी शाबासकीची वाट बघत भाकरी खाल्ली.

अम्माने सूप बाजूला ठेवलं.
काय केलीस गं हे?
व्होल्टेज पडत नाही आता.
पडूदे की. ते पडायचं मला लागतंय.

बारा मागांचा खडखडाट एकच, म्हणाली,
भिंतीतनं कळतंय होय कोण थांबला, कोण चालला?
दिवा वाकला की कळायचं,
खोकून झालं, पाणी पिले, परत उभारले.
मागच्या महिन्यात रात्रीचे नऊ-दहा वेळा.
परवा सव्वीस.

सुपाशेजारी तेंदूच्या कातरणांच्या ढिगल्या असायच्या,
पाच-पाचच्या.
मी रोज सकाळी त्या केरात लोटत होते.

सिव्हिलला नेलं. फोटो काढला छातीचा.
धूळ हाय कापसाची, नान्ना डॉक्टरलाच समजावत होते,
बसंल खाली.
गोळ्या दिल्या, मोठ्या, दोन रंगांच्या.

मग मी जुनी तार शोधून काढली,
तिच्या टोकाला पंधराचा बल्ब बसवला, अम्माच्या डाव्या हाताला.
एलईडी मुद्दामच घेतला नाही, तो वाकत नाही.
परीक्षेत लिहिलं,
रोधामुळे ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.
दोन मार्क होते त्याला.

आता अम्मा मोठ्या दिव्याखाली विड्या वळते
आणि बघते छोट्याकडे.
काल आठ.

आज सातला एकदा वाकला, माग सुरू झाला तेव्हा.
त्यानंतर नाही.
साडेनऊ झालेत.
चालता माग आणि बंद माग यांत सात-आठ व्होल्टचा फरक,
तो डोळ्याला दिसत नाही,
आणि मीटर सरांना परत दिलाय.
एक तर नान्ना सलग अडीच तास चालवतायत,
नाहीतर थांबले, आणि पुन्हा बटण दाबलंच नाही.

अम्माने कात्री खाली ठेवली.
बघून ये, म्हणाली.